मदत मागितली तर उलटतपासणीच!

प्रश्न : दादा, मी पतसंस्थेत नवीनच लागलेय. सभासदांची यादी जुन्या कॉम्प्युटरवरून माझ्या लॅपटॉपवर घेतली तर सगळी नावं इंग्रजी अक्षरांची खिचडी. नेटवरच्या एका ग्रुपवर टाकलं, "मराठी दिसत नाहीये, अर्जंट हेल्प करा". तर जुने मेंबर मलाच विचारतात, फाँट कोणता, फाइल कशातली, स्क्रीनशॉट कुठंय. एकाने तर नुसतं "आधी सर्च करा". मदत करायची नसेल तर तसं सांगा ना!

उत्तर : ताई, त्या सर्चवाल्याला सोडून द्या, असे सगळीकडे एक-दोन असतातच. पण फाँट विचारणारा मदतच करत होता हो! "मराठी दिसत नाही" यात दोन वेगळी दुखणी बसतात, नुसते चौकोन दिसत असतील तर एक आणि इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर दुसरंच. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आत मराठी नसतंच, 'का' टाइप केलं की आत 'डी' आणि 'के' जातात, वरून फाँट त्यांना मराठी कपडे घालतो, मग ज्या लॅपटॉपवर तो फाँटच नाही तिथे डीकेच दिसणार ना. युनिकोड या सगळ्या भाषांसाठीच्या पद्धतीत क ला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी क तो क च.

प्रोग्रामर लोकांची स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रश्नोत्तरांची वेबसाइट २००८ पासून चालू आहे, तिथे इतरांच्या मतांतून २००० पॉइंट कमावलेला मेंबर दुसऱ्याचा प्रश्न थेट दुरुस्त करू शकतो. कधी कधी उत्तर न देता नुसतं शीर्षक नीट करून जातो आणि तेवढ्याने तो प्रश्न जाणकाराच्या नजरेस पडतो. नव्याला मात्र राग येतो. अर्थात जुनी मंडळी खेकसतात हेही खरंय, म्हणून तर २०१८ मध्ये तिथे नव्या माणसाच्या प्रश्नावर तो नवीन असल्याची खूण लावायला लागले.

आता असं करा, फाइलमधल्या नावावर क्लिक केलं की वर फाँटचं नाव दिसेल, ते ग्रुपवर लिहा. स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या सभासदांची नावं नकोत बरं का, त्याच फाँटमध्ये खोटी दोन टाइप करा. कोणीतरी त्या फाँटचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर सांगेलच. यादी बदलून झाली की रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, गडबड तिथेच होते. जमलं तर "झालं, असं केलं" एवढं त्याच प्रश्नाखाली टाका, उद्या दुसऱ्या पतसंस्थेतली कोणी सर्च करेल तेव्हा तिला ते सापडेल. आणि मूळ फाइल एवढ्यात डिलीट करू नका.