प्रभुभोजन टाळणारी मुलगी

ख्रिस्ती घरांतल्या तरुणांकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेली भीती अशी: "मी समलिंगी आहे, मग देवानं मला टाकलंय का?" त्यासाठी एका शिक्षिकेची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 27. मूळची नगर जिल्ह्यातली, नोकरीनिमित्त पुण्यात. आजोबा पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते. ती स्वतः संडे स्कूलमध्ये शिकवते, नाताळच्या गाण्यांना पेटी तिचीच असते. कॉलेजपासून एका मैत्रिणीवर प्रेम आहे. माझ्याकडे सल्ल्याला आली ती मात्र झोप लागत नाही म्हणून. खरं कारण बाहेर यायला बराच वेळ गेला. तिच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (प्रभूच्या मेजावरून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) असतं, आणि वर्षभर ती त्या रविवारी काहीतरी निमित्त काढून मधूनच निघून जात होती. "अयोग्य प्रकारे घेतलं तर दंड ओढवतो, असं बायबलमध्ये प्रेषित पौलानं लिहिलंय ना, मॅडम?"

वचनाचा अर्थ लावून देणं हे माझं काम नाही. (काही जण अशा वेळी सरळ "सोड तो धर्म" म्हणतात. जिचा लहानपणापासूनचा प्रत्येक रविवार चर्चमध्ये गेला, तिला हे सांगणं म्हणजे माहेर तोडायला सांगणं.) मी एवढंच सुचवलं, की अख्खा अध्याय वाच. करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 11. पुढच्या वेळी ती वही घेऊन आली. पौल तिथं रागावलाय तो प्रभुभोजनाला जमून आपापलं जेवण आधीच उरकून घेणाऱ्यांवर. कुणी पिऊन तर्र, आणि गरीब उपाशी. "म्हणजे हे माझ्याबद्दल नव्हतंच?" ती हसली, पण लगेच म्हणाली, "आणि रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय?"

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. समलिंगी संबंधांना दोष देणाऱ्या पौलाच्या त्या उताऱ्याबद्दल अभ्यासकांत खरोखर मतभेद आहेत. काहींच्या मते तो त्या काळातल्या शोषणाच्या संबंधांबद्दल आहे, काहींच्या मते मनाई सरसकट आहे. आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्या दुसरं मत धरतात. कॅथलिक शिकवणही समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही. पण अशा व्यक्तींशी आदरानं वागा, अन्याय्य भेदभाव करू नका, असंही तीच सांगते. श्रद्धा राखून कुणी एकटं राहणं निवडतं, कुणी जोडीदारासोबत राहतं. तिनं काय निवडावं ते मी सांगितलं नाही. मात्र निर्णय होईपर्यंत दर महिन्याला स्वतःला शिक्षा करायची गरज नाही, हे ठणकावून सांगितलं.

मग मामांना कुणकुण लागली. त्यांच्या माहितीत "हे बरं करणारा" एक डॉक्टर होता. इथं मी तटस्थ राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीनं असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे "बदलण्याचे उपचार" म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. हे तिनं मामांना फोनवर वाचून दाखवलं. मामा गप्प झाले. पटलं असेलच असं नाही.

पाळकांशी बोलायचं तर आधी चाचपून बघ, असं मी सुचवलं होतं. विषय दुसऱ्या कुणाचा म्हणून काढायचा आणि उत्तर ऐकायचं. पोटात गोष्ट ठेवतील का, तेही बघायचं. तिनं आजोबांचे मित्र असलेले निवृत्त पाळक निवडले. "मला हे पटत नाही, पोरी," ते स्पष्टच म्हणाले, "पण मेज प्रभूचं आहे, माझं नाही." घरी त्यांनी काही कळवलं नाही.

धाकट्या भावाला आता माहीत आहे. आईला इतक्यात सांगायचं नाही, असं तिनंच ठरवलंय. आधी मैत्रिणीबरोबर भाड्याच्या घराचा करार स्वतःच्या नावावर व्हायला हवा, म्हणते. स्थळं येतात, त्यांना "आत्ता नको" एवढंच उत्तर. झोप बऱ्यापैकी लागते.