मॅडन एनएफएल (अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम) नव्याने खेळताय? सुरुवात अशी करा

अख्खं प्लेबुक (ठरलेल्या चालींचा संग्रह) पाठ करू नका. चार डाउनमध्ये (प्रयत्नांत) १० यार्ड पुढे सरकायचं, एवढं डोक्यात ठेवा आणि प्रॅक्टिस मोडमध्ये तीनच प्ले (चाली) घोटा: इनसाइड झोन (मधून धाव), स्लँट (तिरकं आत धावणाऱ्याला झटपट पास), स्क्रीन (ब्लॉकरच्या आडोशाने छोटा पास).

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- स्नॅप होताच (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होताच) स्प्रिंट दाबणं. ब्लॉक लागायच्या आत, म्हणजे पुढचे लाइनमन विरोधकांना अडवायच्या आत, तुम्ही आपल्याच लाइनमनच्या पाठीवर आदळता. फट दिसल्यावरच दाबा.
- क्वार्टरबॅकला (पास टाकणाऱ्याला) १५ यार्ड मागे पळवणं. टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे लाइनमन) पॉकेटचं, म्हणजे क्वार्टरबॅकभोवतीच्या सुरक्षित जागेचं, रक्षण करतात. त्यामागे गेलात की सॅक (पास टाकण्याआधीच पाडलं जाणं) ठरलेला.
- चौथ्या डाउनचा हट्ट. पंट करा (चेंडू लाथेने लांब मारून विरोधकांना द्या).

समीक्षांमधली 'दरवर्षी तेच' ही तक्रार जुन्या खेळाडूंसाठी अगदी रास्त आहे. तुम्हाला सगळंच नवं, म्हणून मागच्या वर्षीची स्वस्त आवृत्ती खुशाल घ्या.