देव मानत नाही, कामात जीव रमत नाही, मग जगायचं कशासाठी?

तुमचा प्रश्न मी असा वाचला: पुण्यात नोकरी, वय सत्तावीस, पगार बरा पण कामात जीव रमत नाही. देवावरचा विश्वास कॉलेजातच सुटला. कुलदैवत गोव्यात, वडील दरवर्षी दर्शनाला घेऊन येतात आणि हात जोडताना आपण ढोंग करतोय असं वाटतं. या सगळ्याच्या तळाशी खरी विचारणा अशी की जगण्याला काही अर्थ आहे की नाही, आणि असेल तर तो देवाशिवाय सापडतो का.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, पन्नाशी ओलांडलेला. नीटसा आस्तिक नाही, आणि गावच्या देवळाचा खजिनदार आहे. यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. महाजन, म्हणजे देवळाच्या कारभारात हक्क असलेल्या घराण्यातला, माणूस जन्मानं होतो; हिशेब लिहिता येत असले तर खजिनदार होतो. तू देव मानतोस का, असं मला आजवर फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांनी विचारलंय.

आमच्याकडे देवाला कौल लावतात, तुम्ही पाहिलं असेल. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर एक, डावीकडची पडली तर दुसरं. वाऱ्यानं पडली असं नंतर कुणी म्हणू नये म्हणून गाभाऱ्याबाहेरचा पंखासुद्धा बंद करतात. मे महिन्यात सगळे घामानं निथळत उभे असतात आणि नजर एका पाकळीवर.

एकदा एक गृहस्थ बायको-मुलाला घेऊन आले. म्हणाले, माझ्या पोराचं भलं होईल का ते विचारा. पुजारी म्हणाला, ‘असो प्रस्न घालूंक मेळना. दोन बाजू सांगात.’ असा प्रश्न घालता येत नाही, दोन बाजू सांगा. झालं, तिघं सभामंडपात जाऊन बसली. मी तिथंच पावत्या फाडत होतो, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. आधी विषय दुबईच्या नोकरीचा. मग घराच्या कर्जाचा. मग आई म्हणाली, कर्ज नसतं तर याला पाठवलंच नसतं. मुलगा इतका वेळ मोबाइल बघत होता, तो म्हणाला, पण मला जायचंय असं मी कधी म्हटलं? बराच वेळ गेला. शेवटी गाऱ्हाणं ठरलं: दुबईला जावं, की वर्षभर इथं राहून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. पाकळी दुबईच्या बाजूनं पडली. तो गेला, आणि दोनेक वर्षांत परतही आला. पाकळी चुकली असं कुणी म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही.

पाकळी कुणाच्या मर्जीनं पडते याबद्दल माझं मत मी स्वतःजवळ ठेवतो, खजिनदार आहे म्हणून. पण ही पद्धत मला शहाणपणाची वाटते ती पुजाऱ्याच्या त्या एका अटीमुळे. जगण्याचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्या देवापुढेही घालता येत नाही. तो फोडून आणावा लागतो. तुमच्या प्रश्नात मला निदान तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेले दिसतात आणि तिघांचे धनी वेगळे आहेत.

पहिला वडिलांचा. ढोंग म्हणजे दुसऱ्याला फसवून काहीतरी पदरात पाडून घेणं. वडिलांच्या शेजारी हात जोडून उभं राहण्यात तुम्ही काय लाटता? आणि वडील देव असल्याचा पुरावा बघायला येतात असं तुम्ही धरून चाललाय, तेही एकदा तपासा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात तिसवाडी, सासष्टी, बार्देशातली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या बाजूला, आणि इतरत्र पोर्तुगीज हद्दीबाहेर नेल्या. मंगेश कुशस्थळीहून म्हार्दोळजवळच्या प्रियोळात आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आमच्या तालुक्यात नार्व्याला सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ नव्यानं बांधवलं. नदी ओलांडून मूर्ती नेणाऱ्या त्या माणसांत तुमच्यासारखा एखादा बिनविश्वासाचा असणारच. त्यानंही होडीला हात लावला असेल, कारण भाऊ एकटा वल्हवत होता. तुमचे वडील दरवर्षी येतात त्याच्या मुळाशी हे आहे. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या तोंडात तुळशीपत्र आणि पाणी घातलं. विश्वास होता म्हणून नाही. ते माझे वडील होते म्हणून.

दुसरा प्रश्न कामाचा, आणि त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण अख्ख्या तालुक्याचा हेतू एका दिवसात गेलेला मी पाहिलाय.

मी लोहखनिजाच्या खाणीवर काट्याला होतो. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, वजन लिहायचं, पावती द्यायची, पुढचा. धक्क्यावर बार्जी उभ्या, रस्त्याला ट्रकांची रांग, घरातल्या भांड्यांवरसुद्धा लाल धूळ. या कामाला अर्थ आहे का असं कुणी विचारलं असतं तर हसलो असतो. आमचा प्रश्न एकच, आज किती ट्रिपा. मग सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली. 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरण न्यायालयानं रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. खाणींनी आमच्या विहिरी आटवल्या, शेतांत गाळ भरला, तेव्हा बंदी का आली हे मला कळत होतं. कळणं वेगळं आणि सकाळी उठून कुठं जायचं नाही हे वेगळं.

पैशांची ओढाताण होतीच, ट्रकांचे हप्ते थकले. पण माझ्या लक्षात राहिला तो शेजारी. त्याचा ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा. तो रोज पहाटे पूर्वीच्याच वेळेला उठायचा, ताडपत्री बाजूला करायचा, इंजिन चालू करून थोडा वेळ ठेवायचा आणि बंद करायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचा. मग पायरीवर बसून चहा. दिवसभराचं काम संपलं. कुणी दारूला लागले, कुणी पत्त्यांना, आणि देवळातल्या भजनाला कधी नव्हे इतकी गर्दी होऊ लागली. खरं सांगायचं तर भक्ती वाढली नव्हती, संध्याकाळ मोठी झाली होती. तरीही त्यातले दोघं आज चांगला पखवाज वाजवतात.

शेजारी आता बालरथ, म्हणजे शाळेच्या मुलांची बस, चालवतो. पगार ट्रकाच्या मिळकतीपुढे काहीच नाही. एकदा तो आजारी पडला तर सकाळी अर्ध्या वाड्याचे फोन, आज गाडी येणार ना? तापातही गडी खूश होता. त्याला बालरथाची आवड आहे का? अजिबात नाही. पोरं फार कटकट करतात म्हणून रोज शिव्या घालतो.

म्हणून कामात रस नाही हे तुमचं वाक्य मला अपुरं वाटतं. तुम्ही उद्या गेला नाहीत तर कुणाचं अडेल, हे आधी बघा. कुणाचंच अडत नसेल तर दोष तुमच्यात नाही, त्या जागेत आहे, आणि जागा बदलावी की नाही हा रीतसर दोन बाजूंचा प्रश्न आहे. आवड शोधा, ध्यास शोधा असं सांगणारे बरेच भेटतील. माझा त्या सल्ल्यावर फारसा भरवसा नाही.

तिसरा प्रश्न देव नसताना दुःखाचं काय करायचं हा. तुम्ही तो नुसता चाटून पुढे गेलात, पण आहे. शिरगावची लईराई देवी आमच्या जवळची. तिचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, जत्रेला व्रत पाळतात, तळीवर आंघोळ करतात, वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालत अग्निदिव्य करतात. 2025 च्या मे महिन्यात तिथं पहाटे चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. आमच्या वाड्यावरचा एक जण कित्येक वर्षांचा धोंड. मी त्याला धीर करून विचारलं, आता देवीबद्दल काय वाटतं? तो म्हणाला, ‘देवीक कित्याक मदीं हाडटा? वाट अशीर आशिल्ली.’ देवीला मध्ये कशाला आणतोस, वाट अरुंद होती. मी नास्तिक असून देवीकडे बोट दाखवत होतो आणि हा भक्त बोट दाखवत होता रस्त्याकडे, बंदोबस्ताकडे. कुठला प्रश्न कुणापुढे न्यायचा हे त्याला माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, मोठा प्रश्न मोठाच ठेवून त्यामागे गेलेली माणसं नसतात का? असतात, आमच्या गोव्यातच एक होऊन गेला. धर्मानंद कोसंबी, जन्म 1876, सांखवाळचे. मुलांच्या एका मराठी मासिकात बुद्धाबद्दल वाचलं आणि 1899 मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, मग सिलोन. पुढे हार्वर्डला पाली ग्रंथांवर काम केलं आणि 1947 मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. पण बारकाईनं बघितलं तर ते अर्थ शोधायला निघाले नव्हते. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, त्यासाठी आधी संस्कृत, मग पाली, मग शिकवणारा गुरू. अगदी पत्ता विचारत जाण्याजोगं काम. आणि मागे बायको आणि तान्ही मुलगी राहिली होती. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, पण घरी राहिलेल्या त्या बाईच्या जगण्याचा हेतू काय, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगतो. ‘जगायचं कशासाठी’ हे तुम्ही विचार म्हणून लिहिलं असेल तर वरचं सगळं तुमच्यासाठी आहे. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर हा प्रश्न देवळातला नाही आणि माझ्याकडचाही नाही. तो डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आजच करा.

कुलदैवत कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत. मंगेशी असेल तर वडिलांना सोमवारी आणा, पालखी असते. तुम्हाला हात जोडायचे नसतील तर जोडू नका, त्यांच्या चपला सांभाळा. गर्दीत हमखास बदलतात.