फोनवरच्या ठिपक्यापलीकडची तयारी

«नमस्कार. आमची मुलगी ऑगस्टमध्ये विद्यापीठात जातेय. अमेरिकेतच, पण आमच्या घरापासून विमानाने चार तासांवर. नवऱ्याने तिच्या फोनवर लोकेशन शेअरिंग चालू करून ठेवलं होतं, ते तिने गेल्या आठवड्यात बंद केलं. तेव्हापासून घरात अबोला आहे. तो म्हणतो, लोकेशन नाही तर फी नाही. ती म्हणते, मी अठरा वर्षांची आहे. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप येत नाही. कॅम्पसवर काय काय घडतं ते बातम्यांत दिसतंच. आम्ही नेमकं काय करावं? ता. क. तिच्यासोबत पेपर स्प्रे द्यावा का?»

ताई,

हा अबोला माझ्या ओळखीचा आहे. आमच्याकडे तो सहा वर्षांपूर्वी होता आणि तेव्हा फोनवर लोकेशनचा ठिपका बघत बसणारी मी होते. मुलगा रूमवर पोचला का, हे रोज झोपण्यापूर्वी बघायचं, मगच दिवा मालवायचा. एका मंगळवारी रात्री दोनला जाग आली तर ठिपका रुग्णालयावर. फोन केला, उचलला नाही. रुग्णालयात केला, तर पलीकडची बाई अगदी नम्रपणे म्हणाली, या नावाचा रुग्ण इथे आहे की नाही हेही मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, अहो, मी आई आहे त्याची! ती म्हणाली, हो, पण तो एकोणीस वर्षांचा आहे ना? अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. सकाळी साडेसातला रूममेटचा फोन आला तेव्हा मला कळलं. साडेपाच तास मी त्या ठिपक्याकडे बघत बसले होते. ठिपका बरोबर जागी होता, फक्त मला त्यातून काहीच कळत नव्हतं.

म्हणून आधी कागद. अठरा पूर्ण झाली की मुलीच्या वैद्यकीय माहितीवर आईवडिलांचा आपोआप हक्क उरत नाही. शिक्षणाच्या नोंदींचं तर त्याहून कडक आहे. १९७४ च्या फर्पा कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की हक्क त्याच्याकडे जातो, मग ते सतरा वर्षांचं का असेना. फी तुम्ही भरता, तरी गुण विचारायचे तिलाच. जीवाला धोका असेल तर विद्यापीठ घरच्यांना कळवू शकतं, एकवीसच्या आतल्या मुलाने दारू किंवा ड्रग्जचा नियम मोडला तरी कळवू शकतं. दोन्हीकडे शब्द ‘शकतं’ असा आहे, ‘कळवेलच’ असं कुणी लिहून दिलेलं नाही. तेव्हा तिच्याकडून तीन सह्या घ्या: हेल्थ केअर प्रॉक्सी, म्हणजे ती स्वतः सांगू शकत नसेल तर उपचारांचे निर्णय तुम्ही घ्यायचे असा कागद (काही राज्यांत याला मेडिकल पॉवर ऑफ अटर्नी म्हणतात), वैद्यकीय माहिती तुम्हाला द्यायची हिपाची (रुग्णाची माहिती गुप्त ठेवणाऱ्या कायद्याची) परवानगी आणि विद्यापीठाचा स्वतःचा फर्पाचा फॉर्म. साक्षीदार लागतो की नोटरी, हे राज्यागणिक बदलतं. तुमचं राज्य आणि विद्यापीठाचं राज्य वेगळं असेल तर दोन्हीकडचे नमुने भरून ठेवा. सगळं स्कॅन करून तिघांच्याही फोनमध्ये. सही तिचीच लागते, त्यामुळे अबोला आधी सुटायला हवा, हे नवऱ्याच्या कानावर घाला.

दुसरं काम पाच मिनिटांचं आहे. तुम्ही घरून ९११ हा आणीबाणीचा नंबर लावलात तर फोन तुमच्याच भागातल्या केंद्रात जातो, तिच्या गावात नाही. घाबरलेल्या आईवडिलांना हे ऐन वेळी कळतं आणि तिथून पुढे फोन फिरवाफिरवीत वेळ जातो. म्हणून विद्यापीठाच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर आजच फोनमध्ये घाला, शेजारी त्या शहराच्या पोलिसांचा. दोन दिवस तिचा पत्ता नसेल तर याच नंबरवर ‘वेलफेअर चेक’ करा असं सांगायचं. कुणीतरी खोलीचं दार वाजवून बघतं. विद्यापीठात खरे, अटक करू शकणारे पोलीस आहेत की फक्त सुरक्षारक्षक, हेही त्याच फोनवर विचारा. दोन्ही प्रकार असतात.

आता बातम्यांबद्दल. तुमची झोप उडवणारी माणसं अंधारात दबा धरून बसलेली अनोळखी असतील, असा माझा अंदाज आहे. माझीही तीच होती. पण कॅम्पस सुरक्षेचा आजचा अमेरिकन कायदा ज्या घटनेतून आला ती वेगळी आहे. ५ एप्रिल १९८६ ला पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी ही पहिल्या वर्षाची मुलगी वसतिगृहातल्या स्वतःच्या खोलीत मारली गेली. मारणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. त्याच्या वाटेतली तीन दारं आपोआप कुलूप लागणारी होती, पण मुलांनी ती पिझ्झाच्या खोक्यांनी उघडी अडकवून ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये कायदा झाला. त्यामुळे आज सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात, आणि जिथे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे तिथे गेल्या ६० दिवसांची नोंदवही कुणालाही दाखवावी लागते.

तो अहवाल शोधा. विद्यापीठाच्या नावापुढे ‘ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट’ टाकलं की मिळतो. वाचायला कंटाळवाणा आहे, तरी वाचा, आणि वाचताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, हे आकडे तक्रारींचे असतात. हजारो मुलं वसतिगृहांत राहतात आणि लैंगिक अत्याचाराच्या रकान्यात तीन वर्षं सलग शून्य, असं दिसलं तर मला हायसं वाटत नाही. तक्रार घेऊन जायची तिथे कुणाला हिंमत होत नसावी, असं मी धरते. दुसरी जास्त महत्त्वाची: यात मोजतात ते कॅम्पस, त्याला लागून असलेले सार्वजनिक रस्ते आणि विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटनांच्या इमारती. दोन गल्ल्या पलीकडच्या खासगी अपार्टमेंटमध्ये घडलेलं यात येत नाही. मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी राहायला जातात ती नेमकी तिकडेच. घर घ्यायची वेळ येईल तेव्हा शहर पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा बघा आणि स्वतः जाऊन धूर ओळखणारा अलार्म वाजवून बघा. बेसमेंटची किंवा माळ्यावरची खोली असेल तर आग लागल्यावर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? नसेल तर भाडं कितीही कमी असो, नको म्हणा.

गोळीबाराची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती ओळींच्या मध्ये आहे. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकमध्ये ३२ जण मारले गेले. पहिल्या गोळीबारानंतर विद्यार्थ्यांना ईमेल जायला दोन तास लागले होते. पुढच्याच वर्षी कायद्यात बदल झाला आणि धोका पक्का झाला की ताबडतोब इशारा देणं बंधनकारक झालं. तो इशारा तिच्या मोबाइलवर मेसेज म्हणून येतोय ना, एवढं पहिल्याच आठवड्यात तपासा. काही विद्यापीठं पालकांनाही त्या यादीत घेतात. आणि असा मेसेज आलाच तर तिला फोन लावू नका. ती कुठे लपलेली असेल तर वाजणारा फोन तिचा घात करेल. मेसेज करा आणि थांबा. मला माहीत आहे, सांगायला सोपं आहे.

रोजच्या जगण्यात मात्र मुली अडचणीत येतात त्या बहुतेक वेळा ओळखीच्या माणसांमुळे. वर्गातला मुलगा, मित्राचा मित्र, पार्टीला घेऊन गेलेला सीनिअर. ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंतच्या काळाला इथे ‘रेड झोन’ म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलींवर लैंगिक अत्याचाराचा धोका त्या आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. मुली नव्या असतात, मैत्रिणी अजून पक्क्या झालेल्या नसतात, एकटीने परत जायची वेळ येते. तिला सांगा, पहिल्या महिन्यात दोन मैत्रिणी ठरव. एकत्र जायचं, एकत्र परतायचं, एकीला मागे ठेवून निघायचं नाही. मोटारीत बसण्यापूर्वी नंबरप्लेट बघायची आणि ‘कुणाला न्यायला आलात?’ असं चालकाला विचारायचं. आपलं नाव आपण आधी सांगायचं नाही. २०१९ मध्ये साउथ कॅरोलायनात एक विद्यार्थिनी उबर समजून भलत्याच मोटारीत बसली आणि तिचा खून झाला. त्यानंतर तो प्रश्न कॅम्पसवर मुलींना शिकवला जाऊ लागला.

दारूविषयी आपल्याकडचे आईवडील एकतर बोलत नाहीत किंवा ‘आपल्या घरात हे चालत नाही’ एवढंच बोलतात. तुमची मुलगी कदाचित थेंबही घेणार नाही. तरी कधीतरी रात्री एकला तिच्यासमोर कुणीतरी बेशुद्ध पडेल आणि बाकीचे म्हणतील, झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. तेव्हा काय बघायचं ते तिला माहीत हवं: हलवून उठत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, अंग गार, ओठ निळसर. यातलं एक जरी दिसलं तरी ९११. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही. मदत बोलावणाऱ्या मुलांवर आणि त्या पेशंटवर कमी वयात दारू प्यायल्याची कारवाई होऊ नये अशी सोय बऱ्याच राज्यांत आणि विद्यापीठांत आहे. तुमच्या राज्याचा नियम आत्ता शोधून ठेवा. तुम्ही व्हिसावर असाल तर इमिग्रेशनवर काय परिणाम होतो तो वेगळा प्रश्न आहे, तो विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचा. मात्र ९११ लावण्यापूर्वी नाही.

आणखी एक बारकावा मुलांना माहीत नसतो. मजल्यावरचा रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे वसतिगृहातल्या मुलांकडे बघायला नेमलेला विद्यार्थी, कितीही जवळचा वाटला तरी त्याला सांगितलेलं बहुधा त्याच्याकडेच राहत नाही, वर कळवणं त्याच्या कामाचा भाग असतो. गुप्त राहतं ते समुपदेशन केंद्रात सांगितलेलं. मन फारच खचलं असेल तर २०२२ पासून ९८८ हा देशभर चालणारा तीन आकडी नंबर आहे, फोन आणि मेसेज दोन्हींसाठी.

आता लोकेशनकडे येते. ‘लोकेशन नाही तर फी नाही’ हे वाक्य नवऱ्याने मागे घ्यायला हवं, आणि ते तिच्या समोर. मला राग लोकेशनचा नाही, अटीचा आहे. ज्या मुलीला वाटतं की एक चूक झाली तर फी बंद होईल आणि घरी बोलावतील, ती नको त्या ठिकाणी अडकली की घरी फोन करत नाही. मग ठिपका आहे की नाही याने काय फरक पडतो? पार्टीला कशाला गेली होतीस, कोण होतं बरोबर, आता नातेवाइकांना काय सांगायचं, हे आपले प्रश्न मुलांना पाठ असतात. आम्ही मुलाशी त्या ऑपरेशननंतर एक करार केला: रात्री कितीही वाजता, कुठूनही, कुठल्याही अवस्थेत फोन कर, पहिले चोवीस तास आम्ही एकही ‘का’ विचारणार नाही. ‘कुठे आहेस’ आणि ‘आत्ता काय हवंय’ एवढंच. नवऱ्याला ते फार जड गेलं. दुसऱ्या वर्षी एकदा पहाटे तीनला फोन आला. काय झालं होतं ते मी इथे लिहिणार नाही, ते मुलाचं आहे. नवरा चोवीस तास गप्प बसला. पंचविसाव्या तासाला बोलला.

लोकेशन तिने दोन मैत्रिणींना द्यावं. त्या दहा मिनिटांत पोचू शकतात, तुम्ही चार तासांत. तुम्हाला प्रवासाच्या दिवशी आणि रात्री उशिरा एकटी परतताना द्यावं, पोचल्यावर बंद करावं. हे तिला मान्य होईल का? विचारून बघा, पण तिने चालू-बंद केल्याचा हिशेब मागू नका.

ता. क. चं उत्तर: पेपर स्प्रेचे नियम राज्यानुसार बदलतात आणि काही वसतिगृहांत तो ठेवताच येत नाही, तेव्हा आधी नियम वाचा. विमानात हातातल्या बॅगेत तर मुळीच चालत नाही, सुरक्षा तपासणीला काढून घेतात. द्यायचाच असेल तर तिथे पोचल्यावर घ्या, आणि एकदा अंगणात, वाऱ्याची दिशा बघून, तिला उडवून बघू द्या.