श्याम बेनेगल यांच्या कारकिर्दीचा अभ्यास कसा करावा, आणि परभणीत राहून त्यातलं काय कामी येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर परभणीला, नाट्यशास्त्राचं पहिलं वर्ष, चित्रपट दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्यावर प्रकल्प करायचाय. सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, आणि पुढे दिग्दर्शक व्हायचं तर त्यांच्या आयुष्यातलं मराठवाड्यातल्या मुलाला काय घेता येईल, हेही हवंय.

पुरस्कारांपासून सुरुवात करू नका. पद्मश्री १९७६, पद्मभूषण १९९१, दादासाहेब फाळके पुरस्कार २००५ सालचा, राज्यसभेत २००६ ते २०१२, निधन २३ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत, वयाच्या नव्वदीत. हे सगळं एका परिच्छेदात आटपतं. प्रकल्पाचा जीव १९५९ ते १९७३ या चौदा वर्षांत आहे, आणि नेमकी तीच वर्षं बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकलेली असतात.

त्याआधीचं थोडं. जन्म १४ डिसेंबर १९३४, हैदराबादजवळ तिरुमलगिरीला. वडील श्रीधर बेनेगल छायाचित्रकार. त्यांनी दिलेल्या कॅमेऱ्यावर श्यामबाबूंनी बाराव्या वर्षी पहिली फिल्म केली. अर्थशास्त्रात एम.ए. केलं, हैदराबाद फिल्म सोसायटी सुरू केली. गुरुदत्त त्यांचे नात्यातले. तरीही मुंबईत आल्यावर त्यांनी सुरुवात केली ती लिंटास या जाहिरात कंपनीत, १९५९ साली, जाहिरातींचा मजकूर म्हणजे कॉपी लिहिण्यापासून. १९६२ मध्ये पहिला माहितीपट, ‘घेर बेठा गंगा’, तोही गुजरातीत. तिथून पुढे जाहिरातपट आणि प्रायोजित माहितीपट मिळून नऊशेहून जास्त कामं त्यांच्या नावावर आहेत.

हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, त्याचा हिशोब मांडून बघा. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने मिनिटाला ९० फूट पळते. म्हणजे ३० सेकंदांची जाहिरात ४५ फुटांची. ४०० फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपतं आणि कच्ची फिल्म महाग. अशा मापात दहा-बारा वर्षं काम केलेल्या माणसाला शॉट कुठे सुरू करायचा आणि कुठे तोडायचा, हे सेटवर जाऊन शोधावं लागत नाही. कॅमेरामन गोविंद निहलानी यांच्याशी जोडीही जाहिरातींच्याच काळात जमली. त्यामुळे ‘अंकुर’ पहिला चित्रपट असला तरी तो शिकाऊ हाताचा वाटत नाही.

‘अंकुर’ची गोष्ट त्यांच्याकडे विद्यार्थिदशेपासून होती, पैसे देणारा मिळेना. शेवटी पैसे आले ते ब्लेझ या कंपनीकडून. ही कंपनी थिएटरांत जाहिरातपट पोचवायची, म्हणजे इतकी वर्षं ज्यांच्यामार्फत त्यांचं काम पडद्यावर जात होतं तीच माणसं. ओळख कामातून झाली आणि कामातूनच विश्वास बसला. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचा कणा हाच असावा: प्रत्येक कलाकृतीपुढे एक रकाना आखा, ‘पैसे कोणाचे?’

तो रकाना भरत गेलात की चित्र उघडं होतं. ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी माणशी दोन रुपये देऊन केला, म्हणजे दहा लाख रुपये. ‘जुनून’ आणि ‘कलयुग’ला शशी कपूर निर्माते. ‘आरोहण’ला पश्चिम बंगाल सरकार. ‘सुस्मन’ विणकरांवरचा, त्याला हातमाग सहकाराचा आधार. ‘सूरज का सातवां घोडा’ला एनएफडीसी, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळ. ‘यात्रा’ ही १९८६ची दूरदर्शन मालिका रेल्वेसाठी केलेली, म्हणून ती जवळजवळ सगळी गाडीतच घडते. ज्याचे पैसे त्याची थोडीफार सावली कामावर पडतेच. ‘सुस्मन’ कारागिराच्या हातापाशी असतो तोवर धरून ठेवतो, सहकाराचे प्रश्न समजावायला लागला की ढिला पडतो, असं माझं मत. ‘मंथन’मध्ये मात्र संघाचे पैसे असूनही गावातली जात, उच्चवर्णीय सरपंचाचा अडसर आणि शहरी अधिकाऱ्याचं अपुरेपण काहीच झाकलेलं नाही. हे दोन चित्रपट लागोपाठ बघा, प्रायोजकाच्या पैशांत राहून किती मोकळं राहता येतं ते कळेल. ‘मंथन’ची दुरुस्त केलेली प्रत फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तयार केली आणि ती २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. शक्यतो तीच शोधा, जुन्या प्रतीत रंग उडालेले आहेत.

आता मराठवाड्याचा धागा. मराठवाडाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, हे तुम्हाला माहीत आहेच. ‘अंकुर’ आणि ‘निशांत’ तेलंगणाच्या खेड्यांतले, पण त्यातला वाडा, देशमुखी, शिंदीची झाडं, जमीनदारापुढे खाली मान घालून उभं राहणं, हे नांदेड-परभणीच्या जुन्या माणसांना परकं वाटणार नाही. ‘निशांत’ची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याहून महत्त्वाची भाषा. ‘अंकुर’मधली माणसं पुस्तकी हिंदी बोलत नाहीत, दखनी बोलतात. ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’ तुम्ही परभणीच्या मोंढ्यात रोज ऐकता. मुंबईतल्या समीक्षकाला ही भाषा टिपून ठेवावी लागेल, तुम्हाला फक्त कान उघडे ठेवायचेत. प्रकल्पात एक प्रकरण यावरच करा: कोणतं पात्र कुणाशी बोलताना दखनी सोडतं, कुठे आवाज खाली येतो, कुठे बोलणंच थांबतं. ‘अंकुर’मधला किश्तय्या तर मुका-बहिरा आहे, म्हणून त्याच्या प्रसंगांत भाषेचं काम त्याची बायको लक्ष्मी एकटी करते.

‘अंकुर’चा शेवटचा प्रसंग पाच वेळा बघा. किश्तय्या हातात काठी घेऊन शेतातून येतो, चेहऱ्यावर आनंद, त्याला काम मागायचंय. सूर्याला, म्हणजे तरुण जमीनदाराला, लांबून फक्त काठी दिसते. तो घाबरतो, आणि भीतीपोटी त्याला झोडपून काढतो. लक्ष्मी धावत येते, नवऱ्याला कवेत घेते आणि सूर्याला शाप देते. सूर्या आत जाऊन दार लावून घेतो. सगळे निघून गेल्यावर एक लहान पोरगा वळून दगड भिरकावतो, काच फुटते, पडदा लाल होतो. पहिल्यांदा नेहमीसारखं बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. चौथ्यांदा वही घ्या आणि प्रत्येक तुकड्यासाठी लिहा: कॅमेरा कुठे, कोणाच्या बाजूचा, किती सेकंद, आवाज कसला. पाचव्यांदा एवढंच तपासा, की काठी धमकीसारखी कुठे दिसते आणि चालताना लागणाऱ्या आधारासारखी कुठे. दिग्दर्शन म्हणजे काय, हे त्या एका काठीत सापडतं.

बघण्याचा क्रम: ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘मंथन’, मग ‘भूमिका’ (१९७७). ती अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आहे, त्यामुळे आधी ‘सांगत्ये ऐका’ वाचलंत तर पुस्तकातलं काय घेतलं, काय सोडलं हे स्वतः ताडून बघता येईल. मग ‘मंडी’, ‘त्रिकाल’, ‘सूरज का सातवां घोडा’, ‘मम्मो’. उरलेले वेळ मिळेल तसे.

दूरचित्रवाणीचा भाग वगळू नका, बरेच विद्यार्थी इथेच चुकतात. बेनेगल अपघाताने टीव्हीकडे आले नव्हते. होमी भाभा शिष्यवृत्तीवर १९७०च्या सुमारास ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कला मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या संस्थेत काम केलं. १९७५च्या उपग्रह शिक्षण प्रयोगासाठी त्यांनी मुलांकरता छोट्या फिल्म केल्या. मग ‘भारत एक खोज’ (१९८८), ५३ भाग, पंडित नेहरूंच्या पुस्तकावर. रोशन सेठ नेहरूंच्या भूमिकेत, आणि ओम पुरी निवेदकही, अनेक भूमिकांतही. शिवाजी महाराजांवरच्या भागांत महाराज नसीरुद्दीन शहा आहेत आणि औरंगजेब ओम पुरी. नट तेच, पोशाख वेगळे, हे पैसे वाचवायला तर होतंच, पण त्यातून मालिकेला नाटक मंडळीची शिस्त आली. तुम्ही नाट्यशास्त्राचे आहात, तेव्हा यावर तुम्हाला इतरांपेक्षा नेमकं लिहिता येईल. ‘संविधान’ (२०१४) दहाच भागांची आहे, राज्यसभा टीव्हीसाठी केलेली. सचिन खेडेकर बाबासाहेबांच्या भूमिकेत. सभागृहातली चर्चा कंटाळवाणी न होऊ देता कशी चित्रित करायची, याचा धडा म्हणून बघा: बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर कॅमेरा कधी जातो ते मोजा. या दोन्ही मालिका यूट्यूबवर बघता येतात.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, इथे राहून काय करायचं.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात आणि त्या शहरातल्या हौशी मंचांवर घडलेली माणसं पुढे गेलीच आहेत. ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेची मंडळी, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी आणि नाटककार प्रशांत दळवी, औरंगाबादेत एकत्र नाटक करत मुंबईला गेली आणि तिथेही जोडी टिकवली. बेनेगलांकडेही तेच दिसतं: निहलानी, संगीताला वनराज भाटिया, लेखनाला शमा झैदी, आणि नटांचा ठरलेला संच. आज तुमच्या वर्गात जो आवाज नीट रेकॉर्ड करतो त्याला धरून ठेवा. कॅमेरावाले ढिगाने मिळतात.

बेनेगलांची जाहिरातींची चौदा वर्षं तुम्हाला परभणीत छोट्या मापात करता येतील. जिनिंग, दाळ मिल, बियाणं विकणारे, रुग्णालय, महिला बचत गट, सगळ्यांना दीड-दोन मिनिटांची फिल्म हवी असते. अशी कामं घ्या, पण लग्नाच्या व्हिडिओसारखी करू नका. ती जागा आधी एक दिवस कॅमेऱ्याशिवाय बघा, सकाळी आणि दुपारी उजेड कुठून येतो ते लिहून घ्या. मग एक ओळ ठरवा, उदाहरणार्थ ‘तूर आत येते ती पोत्यातून बाहेर जाईपर्यंत’. २५ शॉटची यादी करा आणि त्यातले १५ तरी हातांचे, यंत्राचे, मालाचे जवळचे ठेवा. मालकाची मुलाखत शेवटी घ्या, सकाळी तो घाईत असतो.

बिघाड कुठे होतात तेही सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मोबाइल सुरुवातीपासून सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला असतो आणि शटर आपोआप बदलत राहतं, त्यामुळे गिरणीतल्या ट्यूबलाइटखाली चित्रावर पट्ट्या सरकतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० हाताने लावा, उजेड जास्त असेल तर एनडी फिल्टर (लेन्सपुढची, उजेड कमी करणारी काच) वापरा. स्वस्त एलईडी दिवे तरीही लुकलुकतात, मग ते बंद करून खिडकीजवळ सरका. दुसरं, मोबाइल फ्रेमचा वेग शूटिंगदरम्यानच कमीजास्त करतो. वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज पहिल्या मिनिटाला जुळतो आणि पाचव्या मिनिटाला ओठांच्या मागे पडतो. वेग कायम ठेवणारं ॲप वापरा, आणि एडिटिंगआधी फाइल एकसमान २५ फ्रेममध्ये बदलून घ्या. आवाज ४८ किलोहर्ट्झवरच ठेवा. यंत्र चालू असताना मुलाखत घेऊ नका, ती बंद खोलीत घ्या. यंत्राचा आवाज वेगळा, किमान एक मिनिट, कोणी न बोलता रेकॉर्ड करा. कॉलरचा माइक सदऱ्याच्या आत लपवलात तर घर्षणाची खरखर येते आणि ती नंतर काढता येत नाही. त्यापेक्षा तो बाहेर काढलेला बरा.

व्यवहार कागदावर आणा. निम्मे पैसे शूटिंगआधी, उरलेले शेवटची फाइल हाती देण्याआधी, दुरुस्त्या दोनदाच. तोंडी ठरवलेलं काम दहाव्या दुरुस्तीपर्यंत ताणलं जातं आणि नातंही बिघडतं. लिखाणात हेही घाला की कच्चं चित्रीकरण तुमच्याकडे राहील, आणि फिल्म तुम्ही नमुना म्हणून दाखवू शकाल. पुढे एफटीआयआयच्या (पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या) मुलाखतीत किंवा कुणाचा सहायक म्हणून काम मागताना हाच नमुना पुढे ठेवायचाय.

स्वतःची कथा लिहाल तेव्हा ‘ग्रामीण मराठी’ नावाची एकच ठोक बोली वापरू नका. टीव्हीवर ऐकू येणारी कोल्हापूर-साताऱ्याची ढब परभणीच्या शेतकऱ्याच्या तोंडी खोटी वाटते. लातूर-नांदेडकडे ‘करूलालाव’, ‘येऊलाले’ म्हणतात, तालुका बदलला की शेपूट बदलतं. दोन म्हाताऱ्या माणसांना परवानगी घेऊन अर्धा-अर्धा तास रेकॉर्ड करा, मग ते जसंच्या तसं, अडखळण्यासकट, हाताने उतरवून काढा. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला चार तास लागतील. ते झाल्यावर तुमचा संवाद त्या कागदाशेजारी ठेवून मोठ्याने वाचा. जिथे तुमचं वाक्य त्यांच्यापेक्षा लांब झालंय तिथे खूण करा, आणि पहिली कात्री तिथेच लावा.