टेरेसवरची काचेची खोली गळतेय? आधी ती सिलिकॉनची गन खाली ठेवा

ताई, तुमचं सगळं वाचलं, फोटोपण झूम करून बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. गोरेगावला सगळ्यात वरचा मजला, लागून टेरेस, त्यावर सासऱ्यांनी आठ-नऊ वर्षांपूर्वी झाडांसाठी काचेची खोली करून घेतली, बाजूंना ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आणि वर पॉलीकार्बोनेटचं, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचं छत. परवाच्या वळवाच्या सरीत भिंतीकडून पाणी आलं, खिडकीखालूनपण आलं, आणि फॅब्रिकेटर म्हणतोय सगळीकडे सिलिकॉन मारून देतो, नाहीतर छत काढून वर काच टाका, कटकट संपेल. यातलं काय करू असं तुम्ही विचारताय. माझ्या मते दोन्ही नको, निदान एवढ्यात तरी नको.

मी बोरिवलीला, गोराई खाडीच्या बाजूला, अशीच बारा बाय आठ फुटांची खोली गेली चौदा वर्षं सांभाळतोय. पहिली पाच वर्षं डिट्टो तुमच्यासारखीच गेली. दर मे महिन्यात एक माणूस गन घेऊन यायचा, जिथे फट दिसेल तिथे पांढरी रेघ ओढून पैसे घेऊन जायचा, आणि जुलैत आमच्या घरातली निम्मी पातेली त्या खोलीत. सहाव्या वर्षी वैतागून मीच कटर घेऊन बसलो. खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने सिलिकॉनचे तीन थर निघाले, वरचा पांढरा, मग पारदर्शक, मग काळा, आणि त्याच्याही आत एम-सीलचा दगडासारखा झालेला गोळा. तो टोचून काढला तर मागे एक छोटं लांबट भोक. सायकलच्या चाकाची जुनी तार होती ती आत घातली आणि भसकन काळं पाणी बाहेर आलं, गुळणी टाकल्यासारखं, त्यात मेलेल्या मुंग्या आणि गुलमोहोराच्या कुजलेल्या पाकळ्या. पाऊस जाऊन तेव्हा आठवडा झाला होता बरं का!

तर ते भोक कुणाची चूक नसते, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. स्लायडिंग खिडकी कधीच शंभर टक्के बंद होत नाही, पश्चिमेकडून झड मारायला लागली की थोडं पाणी खिडकीच्या कडेच्या केसाळ ब्रशपट्टीमधून आत ट्रॅकमध्ये येणारच, आणि ते त्या भोकातून परत बाहेर जावं अशी सगळी योजना असते. आमच्या गनवाल्याला बाहेरून तिथे पाणी झिरपताना दिसलं, त्याला वाटलं हीच गळती, त्याने ते बुजवलं. मग पाणी ट्रॅकमध्ये भरत गेलं आणि आतल्या कडेवरून खोलीत. म्हणजे गळती बंद करायला मारलेल्या सिलिकॉननेच गळती सुरू केली होती आणि आम्ही दर वर्षी तिला नवीन थर चढवत होतो. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, मुंबईत पावसाचं पाणी अडवून अडत नाही, त्याला कुठून बाहेर जायचं ते आपण ठरवून द्यायचं. तुमच्या तिसऱ्या फोटोत खालच्या ट्रॅकला जी पांढरी जाड रेघ आहे ना, मला तिच्याचबद्दल संशय आहे.

आता आधी गळती नेमकी शोधा. मान्सूनची मुंबईची ठरलेली तारीख 11 जून, म्हणजे हातात वेळ आहे. नळाला पाईप लावा, एक जण बाहेर पाईप घेऊन, एक जण आत टॉर्च आणि खडू घेऊन, आणि खोलीतल्या लाईट-पंख्याचा एमसीबी खाली पाडून ठेवा. पाणी मारायचं ते खालून वर. आधी फक्त खालचा ट्रॅक, दहा मिनिटं. आत काही नाही आलं तर खिडकीचे उभे सांधे, मग पन्हळ, मग छताचे जोड, आणि भिंतीचा सांधा सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, वरून धबाधबा ओततात, सगळंच भिजतं आणि कळत काहीच नाही. पाणी लबाड असतं, शिरतं एकीकडे, सांगाड्याच्या चौकोनी लोखंडी बॉक्स पाईपच्या खालच्या कडेने चार फूट चालत जातं आणि टपकतं तिसरीकडेच. म्हणून आतल्या माणसाने पहिला थेंब जिथे ‘दिसला’ तिथे खूण करायची आणि तिथून बॉक्स पाईपच्या कडेने उलटं मागे जायचं.

भिंतीकडून येणारं पाणी हे माझ्या अनुभवात जवळजवळ नेहमी फ्लॅशिंगचं असतं. छत आणि इमारतीची भिंत जिथे भेटतात तिथे एक वाकवलेली पत्र्याची पट्टी असते, ती बहुतेक जण प्लास्टरवर नुसती सिलिकॉनने चिकटवतात. दोन पावसाळे ठीक जातात. नंतर काय होतं, सिलिकॉन रंगाला घट्ट धरून राहतं पण रंगच भिंतीला सोडतो, मागे पोकळी होते आणि वरून ओघळणारं पाणी बरोबर त्या पोकळीत. कितीही वेळा वरून सिलिकॉन मारा, ते रंगालाच चिकटणार. योग्य काम म्हणजे ग्राइंडरने प्लास्टरमध्ये साधारण पाऊण इंच आडवी खाच मारायची, पट्टीची वरची कड वाकवून त्या खाचेत घुसवायची आणि मग खाच सील करायची. पट्टीची खालची कड शीटवर पाच-सहा इंच यायला हवी पण शीटला स्क्रूने जखडायची नाही. खाच फक्त प्लास्टरमध्ये, बीममध्ये कटर घालू देऊ नका, आणि बाहेरची भिंत सोसायटीची असते तेव्हा सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा.

जखडायची नाही का, तर पॉलीकार्बोनेट प्रचंड हलतं. आठ फुटी शीट जानेवारीतल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत सहा-सात मिलिमीटर लांब होते, ॲल्युमिनियम तेवढ्याच लांबीत अडीच आणि काच जेमतेम एक. तीन वस्तू एकमेकांना बांधल्यात आणि तिघींची चाल वेगळी. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, 6 मिमीच्या स्क्रूला 10 चं भोक, आणि वर रुंद रबरी वॉशर जो ते झाकेल. आमच्याकडे कारागिरांना स्क्रू करकचून आवळायची भारी हौस, त्याने शीटला खळगा पडतो, त्यात पाणी साठतं आणि वर्षभरात तिथूनच तडा जातो. वॉशर नुसता बसला पाहिजे, चेपला नाही पाहिजे. गंजलेले स्क्रू काढून स्टेनलेसचे घाला, गोरेगावला 304 ग्रेड चालेल, समुद्राला अगदी लागून असणाऱ्यांनी 316 घ्यावेत. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत ठेवला की भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, मी बघितलंय.

तुमची शीट आतून पोकळ नळ्यांची आहे आणि त्या नळ्यांत हिरवं दिसतंय असं तुम्ही लिहिलंय. ते शेवाळ आहे, आणि वाईट बातमी म्हणजे ते आतून धुता येत नाही. पोकळ शीटच्या नळ्या उताराच्या दिशेनेच असाव्या लागतात, वरचं तोंड ॲल्युमिनियम टेपने पूर्ण बंद आणि खालचं तोंड बारीक छिद्रांच्या टेपने, म्हणजे धूळ आत जात नाही पण आत जमलेली वाफ-पाणी निघून जातं. तुमच्याकडे खालचं तोंडही बंद केलेलं दिसतंय. परत तेच, पाण्याची वाट बुजवलेली! हिरवं झालेली शीट गळत नसेल तर या वर्षी चालवून घ्या. बदलाल तेव्हा यूव्ही कोटिंगची, म्हणजे उन्हापासून वाचवणाऱ्या थराची बाजू वर आहे ना ते स्वतः उभं राहून बघा. शीटवरच्या संरक्षक फिल्मवर लिहिलेलं असतं, पण फिल्म आधीच सोलून टाकली की कुणालाच सांगता येत नाही, आणि उलटी बसलेली शीट दोन-तीन उन्हाळ्यात पिवळी पडून कडक होते.

सिलिकॉन कधीच वापरू नका असं नाही म्हणत मी. पण व्हिनेगरसारखा वास येतो ते घेऊ नका, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, ते धातूला आणि पॉलीकार्बोनेटला चांगलं नाही. दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ म्हणून मागा. जुन्या सिलिकॉनवर नवीन धरत नाही, जुनं पूर्ण खरवडून, कोरडं पुसून, मगच. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून एकदाच सरळ फिरवा, टेप लगेच काढा. काम सकाळी करा, दुपारी शीट फुगलेली असते तेव्हा भरलेली फट रात्री गार झाल्यावर ताणली जाते. आणि वर जाताना शीटवर पाय अजिबात ठेवायचा नाही, सांगाड्याच्या दोन पाईपांवर आडवी फळी टाकून त्यावर बसायचं, एकट्याने तर नाहीच.

काच टाकायचं म्हणाल तर वजन बघा. 10 मिमीची पोकळ पॉलीकार्बोनेट शीट माझ्या खोलीएवढ्या छताला सगळी मिळून पंधरा किलोच्या आसपास भरते. तिथेच 12 मिमी काच टाकली तर अडीचशे किलोच्या वर. खालचा सांगाडा आणि त्याचे बोल्ट पंधरा किलोसाठी बसवलेत. शिवाय डोक्यावरची काच लॅमिनेटेडच हवी, नुसती टफन्ड नको, टफन्ड क्वचित कधी काही न लागताही फुटते आणि तिचे तुकडे खाली येतात, लॅमिनेटेडचे मधल्या फिल्मला चिकटून राहतात. आणि ती विलायतेतली काचेच्या छताची खोली थंडीत ऊन पकडायला असते हो, आपल्याला ऊन पकडायची काय हौस, आपली धडपड ते बाहेर काढायची. वरच्या दोन खिडक्यांच्या जागी लूव्हर्स, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झडप, बसवा, गरम हवा वरून निघते. शेडनेट आतून नाही, बाहेरून, शीटपासून चार-सहा इंच वर ताणून लावायची, आतून लावली तर उष्णता आधीच आत आलेली असते. जूनच्या आधी काढून ठेवा, नाहीतर वादळी वाऱ्यात शेजाऱ्यांच्या खिडकीत सापडेल.

बॉक्स पाईपच्या सांगाड्याचं लोखंड खालच्या बाजूने हात फिरवून बघा, वरून रंग छान असतो आणि खाली पापुद्रे. तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि दोन हात रंग, हे दर दोन वर्षांनी. छत धुवायला साधं साबणाचं पाणी आणि मऊ कापड, थिनर नको, अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे पण नको, त्याने पॉलीकार्बोनेटवर बारीक चिरा पडतात. ट्रॅकमधली भोकं मी मेमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा त्याच सायकलच्या तारेने मोकळी करतो, पाच मिनिटांचं काम.

परवानगीचा कागद सासऱ्यांच्या फाईलमध्ये आहे का तेवढं शोधून ठेवा. डागडुजीला सहसा कुणी काही बोलत नाही, पण छत काढून जड काचेचं नवीन काम दिसलं की कुणीतरी तक्रार करतं आणि मग विनापरवाना बांधकामाची, महापालिका कायद्याच्या कलम 351 ची नोटीस दारावर. काच नको म्हणण्याचं ते एक वेगळं कारण.

आता पन्हळ. तासाला 100 मिमी पाऊस मुंबईत काही नवलाचा नाही, तेवढ्यात माझ्या बारा बाय आठच्या छतावरून जवळजवळ 900 लिटर पाणी उतरतं, म्हणजे बिल्डिंगवर दिसते ती हजार लिटरची काळी टाकी जवळपास पूर्ण, एका तासात, एका पन्हळीतून. तिचं तोंड तीन इंचांचं हवं आणि ते मोकळं हवं. तुमच्या पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात मधुमालती पन्हळीच्या आत उतरलीय, वाळलेली फुलं तोंडापाशी साचलीत, आणि भिंतीवरचा ओला डाग बरोबर त्याच कोपऱ्याखाली आहे. म्हणजे पाईपचं पाणी मारायच्याही आधी ती वेल निदान दोन हात मागे छाटायला लागणार. सासूबाईंनी लावलेली आहे म्हणता, तर ते त्यांना कसं सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे एका जास्वंदीवरून दोन दिवस अबोला झाला होता.