जावातले रेकॉर्ड लॉक आणि एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी चूक): तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (मुलुंड): दिलेल्या इंटरफेसच्या (क्लासने पाळायची मेथडची यादी) रीड मेथडवर फक्त रेकॉर्डनॉटफाउंडएक्सेप्शन घोषित आहे. फाइल वाचताना आयओएक्सेप्शन येतं आणि कंपायलर अडवतो. इंटरफेस बदलायचा नाही. काय करावं?

उत्तर: इंटरफेसने न सांगितलेलं चेक्ड एक्सेप्शन (कंपायलर जे पकडायला किंवा घोषित करायला लावतो ते) तुमची मेथड बाहेर फेकू शकत नाही, सांगितलेल्याचा सबक्लास चालतो, काहीच न फेकलं तरी चालतं. पण डिस्कचा बिघाड रेकॉर्डनॉटफाउंडमध्ये कोंबू नका, नाहीतर ग्राहकाची नोंद नाहीशी झाली असं समजून कुणीतरी ती नव्याने भरेल. जावा ८ पासून अनचेक्डआयओएक्सेप्शन आहे, ते घोषित करावं लागत नाही, ते फेका. मूळ एक्सेप्शन त्याच्या कन्स्ट्रक्टरला जातंच. स्वतःचा रनटाइम एक्सेप्शनचा क्लास केलात तर मूळ एक्सेप्शन त्याला द्यायला विसरू नका.

प्रश्न (परळ): लॉक मिळेपर्यंत वेट करतो, तरी कधीकधी एकच रेकॉर्ड दोघांच्या हाती पडतो.

उत्तर: लॉक मोकळं आहे का, ही अट तुम्ही इफमध्ये लिहिली असणार. ती व्हाइलमध्येच हवी, कारण वेट विनाकारणही संपू शकतं. सोडताना नोटिफायऑल वापरा. नुसत्या नोटिफायने भलत्याच रेकॉर्डसाठी थांबलेला थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर चालणारं काम) उठतो, पुन्हा झोपतो आणि ज्याचा नंबर होता तो ताटकळतो. जाग आल्यावर रेकॉर्ड अजून आहे ना, हेही तपासा. मधल्या वेळात तो डिलीट झालेला असू शकतो. इंटरप्टेडएक्सेप्शन (थांबलेल्या थ्रेडला मध्येच थांबवायला सांगितलं की येणारं) गिळू नका. थ्रेडवर इंटरप्ट पुन्हा लावा आणि अनचेक्ड एक्सेप्शन फेकून मेथडबाहेर पडा. लूपमध्येच राहिलात तर पुढचं वेट लगेच तेच एक्सेप्शन देईल आणि सीपीयू उगाच फिरत राहील.

प्रश्न (बोरिवली): रीएंट्रंटलॉक एका मशीनवर चालतं, आरएमआयवर (दुसऱ्या मशीनवरून मेथड बोलावण्याची जावाची सोय) अनलॉक करताना इल्लीगलमॉनिटरस्टेटएक्सेप्शन येतं.

उत्तर: ते लॉक थ्रेडच्या मालकीचं असतं आणि एका क्लायंटचे दोन कॉल एकाच थ्रेडवर येतील याची आरएमआय हमी देत नाही. लॉक मेथडमधून लाँग टोकन (ओळखीचा आकडा) परत द्या, रेकॉर्ड क्रमांकासमोर मॅपमध्ये ठेवा आणि अपडेट, डिलीट, अनलॉक करताना ते जुळवा. क्लायंट मध्येच गेला तर? प्रत्येकाला वेगळा रिमोट ऑब्जेक्ट द्या, त्यात अनरेफरन्स्ड इंटरफेस (ऑब्जेक्ट आता कुठलाच क्लायंट वापरत नाही, हे कळवणारा) घ्या आणि तिथे त्याची लॉक सोडा. लीजची (क्लायंटचा ऑब्जेक्टवरचा हक्क टिकण्याची) मूळ मुदत १० मिनिटांची असते, तेव्हा लॉक लगेच सुटेल असं धरू नका.

प्रश्न (दादर): लॉक ट्रायच्या आत की बाहेर?

उत्तर: बाहेर, अनलॉक फायनलीत. लॉक आत ठेवलं आणि तेच फसलं, तर फायनली न मिळालेलं लॉक सोडायला जाते आणि तिथलं एक्सेप्शन खरं कारण झाकून टाकतं. दोन रेकॉर्ड लागत असतील तर लहान क्रमांक आधी घ्या, सगळीकडे, म्हणजे दोघं एकमेकांच्या लॉकची वाट पाहत अडकणार नाहीत.